पनीर कुणाचं?

परदेशी पाहुणा येणार म्हटलं की आपल्याकडच्या बायका आधी ब्रेड-बटर मागवतात. का हो? तो काय ब्रेड खायला इतक्या लांबून आला?

कान्हाचं मुक्की गेट आपल्याच बालाघाट जिल्ह्यात. पावसाळा संपून ऑक्टोबरात जंगल उघडलं की बाहेरदेशीचे लोक येऊ लागतात. त्यांच्यापुढे टोस्ट, पास्ता, आणि 'इंडियन' म्हणून बटर पनीर! हे पनीर ना गोंडांचं, ना पोवारांचं, ना आपल्या जैन घरांतलं. पाहुण्याने विचारलं, "इथलं काय खाऊ?" तर आपणही त्याच हॉटेलाकडे बोट दाखवतो.

इंग्रजांचं बघा. आपली खिचडी त्यांनी उचलली, नाव दिलं केड्जरी, तिच्यात धुरी दिलेला मासा नि उकडलेलं अंडं घातलं (अरिहंत, अरिहंत!) आणि आज ती आपली जुनी न्याहारी म्हणून पाहुण्याला खुशाल सुचवतात. लाजत नाहीत. आणि मूळ खिचडीवाल्या आपण? "अय्या, पाहुण्याला खिचडी कशी वाढायची, ते तर आजाऱ्याचं जेवण!"

अहो, चिन्नोर कुठला? आपला. वारासिवनी-लालबर्र्याकडचा. २०२१ मध्ये त्याला जीआय मानांकनसुद्धा मिळालं. हा तांदूळ चुलीवर चढला की शेजारणीला सांगावं लागत नाही. असा मोकळा भात, तुरीचं साधं वरण, वर तूप, लिंबाची फोड. सोबत गोळ्यांची कढी, नाहीतर पाटवडी. कांदा-लसूण लागतच नाही, हिंग-जिऱ्यावर सगळं निभतं. तिखट जरा हात आखडून घाला, एवढंच. बैहरकडे बैगा-गोंडांच्या घरी कोदो-कुटकीची पेज असते, तिचंही नाव सांगा. तीच कुटकी शहरात 'मिलेट' म्हणून पाकिटात विकली की आपण कौतुकाने घेतो, आणि बैगा बाईच्या टोपलीतली मात्र गरिबाची!

आता आपल्यातल्या काहींना माझं पुढचं बोलणं रुचणार नाही. पाहुण्यांना सांगायचं की बालाघाट म्हणजे शाकाहारच, असा आग्रह मी ऐकते. मी मासे शिजवणार नाही, खा म्हणून सांगणारही नाही. पण वैनगंगेकाठी ढीमरांच्या चुलीवर मासे शिजतात, हे लपवू कशाला? अहिंसेच्या शेजारीच सत्याचंही अणुव्रत आहे ना? माझ्या घरचं ते माझ्या घरचं म्हणून वाढीन, सगळ्या जिल्ह्याचं म्हणून नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. संध्याकाळची सफारी संपते सूर्यास्ताला, आणि आपलं स्वयंपाकघर तेव्हा आवरलेलं असतं. तेव्हा पाहुण्याला दुपारीच बोलवा. पाट मांडा, पत्रावळ ठेवा. चमचा मागितला तर द्या, पण पनीर मागवू नका.