धन्याची जबाबदारी

चित्रकथांची पुस्तके आपल्या घरांतून मुलांच्या हाती कित्येक वर्षे दिसत आली आहेत. दुष्टाने एखाद्या स्त्रीला छळावे आणि ऐन वेळी वीर पुरुषाने आकाशातून उतरून तिची सुटका करावी, हा त्यांतील नेहमीचा प्रसंग. परंतु ज्या कचेऱ्यांतून ही पुस्तके तयार होतात, तेथे काम करणाऱ्या स्त्रीच्या साहाय्याला कोण येते? सुपरमॅनच्या कथा प्रसिद्ध करणाऱ्या अमेरिकेतील डीसी कॉमिक्स या संस्थेने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या एका वरिष्ठ संपादकास कामावरून दूर केले. त्याने स्त्री-सहकाऱ्यांशी गैरवर्तन केल्याचे आरोप वृत्तमाध्यमांतून प्रसिद्ध झाल्यावर हे घडले. संस्थेकडे याविषयीच्या तक्रारी २०१० सालापासूनच गेल्या होत्या, असेही त्या वृत्तात म्हटले होते. सात वर्षे जे आतल्यांना ठाऊक होते, ते बाहेरच्यांना कळताच चार दिवसांत निर्णय झाला!

वाचकहो, त्या गृहस्थाचा न्याय करणे हा येथे आपला विषय नाही. विषय आहे तो धन्याचा. आपल्या छपराखाली काम करणाऱ्या स्त्रीच्या मानाला धक्का लागला, तर छपराच्या मालकाचे काही उत्तरदायित्व आहे की नाही?

आपल्या देशात हा प्रश्न न्यायालयापुढे आला तो एका खेड्यातून. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरी देवी या सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करीत. बालविवाह थांबविण्याचा प्रयत्न हा त्यांच्या कामाचाच भाग होता; त्याचा सूड म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. कामापायी जिच्यावर हा प्रसंग ओढवला, तिच्या रक्षणाचा भार काम देणाऱ्याने का उचलू नये, असा प्रश्न स्त्री-संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ या नावाने प्रसिद्ध असलेला निकाल लागला. निकाल देणाऱ्या तीन न्यायमूर्तींत मुंबई उच्च न्यायालयाच्या माजी मुख्य न्यायमूर्ती सुजाता मनोहर होत्या. प्रत्येक कार्यालयात तक्रार समिती असावी, तिच्या अध्यक्षस्थानी स्त्री असावी आणि बाहेरचा एक त्रयस्थ सदस्य असावा, असे त्यात ठरले.

निकाल झाला, पण समित्या कोठे झाल्या? येथे आपल्या मराठी मंडळींनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. पुण्यातील ‘आलोचना’ या स्त्री-अभ्यास केंद्राच्या मेधा कोतवाल लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून छळाची अनेक प्रकरणे मांडली आणि विशाखा निकाल कागदावरच राहिल्याचे दाखवून दिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. २००४ साली याच प्रकरणात आदेश झाला की, तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल समजावा. त्यामुळे एकदा समितीपुढे आणि पुन्हा खात्याच्या चौकशीत, असे त्या स्त्रीला दोनदा पोळून निघण्याचे कारण उरले नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये अंतिम निकाल देताना, ज्या राज्यांनी आपल्या सेवानियमांत आवश्यक बदल केले नव्हते त्यांना न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा केला आणि तो ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला.

या कायद्याने जबाबदारी नेमकी कोणावर टाकली, हे आपल्या गावातील व्यापारी आणि कारखानदार बंधूंनी नीट वाचावे. जेथे दहा वा अधिक माणसे काम करतात, तेथे मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. न नेमल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास दुप्पट. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावयाची. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिन्यांची सवलत मिळते. चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावयाची. तक्रार सिद्ध करता आली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही कायद्याने स्पष्ट केले आहे.

‘आमच्याकडे चारच माणसे, आम्हांला कसला कायदा?’ असे बुऱ्हाणपुरातील कोणी म्हणेल. लूमचे कारखाने, छोटे दवाखाने, कापडाची दुकाने, घरोघरची धुणीभांडी, यांत आपल्या गावच्या किती बाया राबतात! त्यांच्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समितीची तरतूद आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या जागी काम करणारी बाई, घरकाम करणारी बाई, आणि जिची तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे ती, या सर्वांनी दाद मागावी ती तेथे. कुंपणच शेत खाऊ लागले तर फिर्याद कोणाकडे, याचे उत्तर कायद्याने असे देऊन ठेवले आहे.

समिती मात्र नावापुरती असून चालत नाही. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी २००९ साली तक्रारी केल्या. चौकशी होऊन त्याला बडतर्फ करण्यात आले. परंतु मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठविले. कारण चौकशी घाईने उरकली गेली आणि आरोपिताला आपली बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नाही. चौदा वर्षांनी गाडे पुन्हा मूळपदावर! यात ना त्या मुलींना न्याय मिळाला, ना त्या प्राध्यापकाला. चालढकल हा जसा अन्याय, तसा उतावळेपणाही अन्यायच. चौकशी कशी करावी हे समितीच्या सदस्यांना शिकविणे, हेही धन्याचेच कर्तव्य होय.

आता एक शब्द आपल्या घरांविषयी. आपल्या मुली शिकून इंदूर, पुणे, मुंबई येथे नोकरीस जातात. त्यांतली एखादी दबक्या आवाजात काही सांगू लागली, की आपण चटकन म्हणतो, ‘सोड ती नोकरी आणि घरी ये.’ या सल्ल्यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु त्याचा परिणाम काय होतो? ज्याने आगळीक केली तो खुर्चीत कायम राहतो, मालकाची झाकली मूठ सव्वा लाखाची राहते, आणि दंड भरते ती आपली लेक. तिची वर्षांची मेहनत जाते. शिवाय तिच्या रिकाम्या जागेवर दुसऱ्या कुणाची तरी लेक येऊन बसते.

म्हणून तिला आधी पुरते बोलू द्यावे. ‘तूच काही केले असशील’ हे वाक्य ओठांवर येऊ देऊ नये. दिवस, वेळ, शब्द आणि जवळपास असलेल्यांची नावे तिने लिहून ठेवावीत. आलेले संदेश पुसू नयेत. मुदतीच्या आत तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. चौकशी चालू असता बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजा मागण्याचा तिला हक्क आहे. एवढे करूनही नोकरी सोडावी असे तिलाच वाटले, तर तो निर्णय तिचा असावा. आपल्या भीतीचा नसावा.

आणि आपल्यापैकी जे स्वतः धनी आहेत, मग दुकान चार माणसांचे असो की कारखाना चारशेंचा, त्यांनी जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावा. गल्ल्यामागे लक्ष्मीची तसबीर आपण श्रद्धेने लावतोच. तिच्या शेजारी या एका कागदास जागा देणे कोणासही जड जाऊ नये.