अस्सल, तालिक आणि एक कार्ट्रिज

१/ चाळीस वर्षे माळ्यावर पडून राहिलेले अटारीचे कार्ट्रिज हाती घेतले, की बहुधा आतला खेळ शाबूत असतो आणि बाहेरच्या लेबलाची दैना झालेली असते. गोंद वाळतो, कडा उचलल्या जातात. ॲक्टिव्हिजनच्या लेबलांवर तर तपकिरी डागांची नक्षीच उमटते. म्हणून जुन्या व्हिडिओ गेमच्या संग्राहकांत नवी लेबले छापून चिकटवण्याची हौस मोठी आहे. ती दिसते तितकी निरुपद्रवी नाही. #धागा

२/ खेळ यंत्रापासून वेगळा काढून प्लास्टिकच्या डबीत भरण्याची कल्पना बाजारात आली १९७६ साली, फेअरचाइल्ड कंपनीच्या ‘चॅनल एफ’बरोबर. जेरी लॉसन हे कृष्णवर्णीय अभियंते त्या कामाचे प्रमुख होते. पुढच्याच वर्षी अटारीचे व्हीसीएस आले, सोबत नऊ खेळ. डब्या सगळ्या सारख्या, काळ्या. कोणत्या डबीत काय आहे, हे सांगणारी वस्तू एकच: लेबल.

३/ आरंभी त्यावर नुसती अक्षरे होती, चित्रे मागाहून आली. पडद्यावर चार-दोन चौकोन सरकत असत. वेष्टनावर मात्र क्लिफ स्पॉन, सुसान जेकल, रिक गुइडिस यांच्या कुंचल्यातून रणगाडे धडधडत आणि विमाने झेपावत. (हेच गुइडिस त्या दशकात ‘नासा’साठी अंतराळातील कल्पित वसाहती रंगवत होते.) चौकोन पाहायचे आणि चित्रातले जग मनात उभे करायचे, असा तो मुलांशी झालेला अलिखित करार होता.

४/ त्या लेबलांवर खेळ रचणाऱ्याचे नाव मात्र नसे. अटारी ते देत नव्हती. या आणि मोबदल्याच्या नाराजीतून काही प्रोग्रॅमर बाहेर पडले व १९७९ साली ॲक्टिव्हिजन उभी राहिली. तिने रचनाकारांची नावे अभिमानाने छापली. लेबलावर काय लिहिलेले नाही, हेही वाचावे लागते ते असे.

५/ आता मुद्द्याचे उदाहरण. अमेरिकेतील ‘सिअर्स’ ही दुकानांची साखळी अटारीचेच खेळ ‘टेलि-गेम्स’ या आपल्या नावाने विकत असे. अटारीचा ‘कॉम्बॅट’ तिथे ‘टँक प्लस’ होई, ‘एअर-सी बॅटल’ होई ‘टार्गेट फन’. आतला खेळ तोच. तो कोणाच्या नावाने विकला गेला, याची उघड साक्ष तो कागदच देतो. एखाद्याने ‘टँक प्लस’चे फाटके लेबल खरवडून तिथे झगझगीत ‘कॉम्बॅट’ चिकटवले, तर खेळाचे काही बिघडत नाही. साक्षीदार तेवढा जातो.

६/ लेबल करण्याची रीत अशी: चांगल्या अवस्थेतील लेबल ६०० डीपीआयवर स्कॅन करायचे, सुरकुत्या व डाग संगणकावर पुसायचे, रंग जुळवायचे, चकचकीत स्टिकर कागदावर छापायचे, वर पारदर्शक थर चढवायचा, कोपरे गोल कापायचे. मग जुन्या लेबलाला हेअर ड्रायरची ऊब देऊन ते सोलायचे आणि उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. यात कसब आहे, जिव्हाळाही आहे. आक्षेप आहे तो शेवटच्या दोन क्रियांना. आधीच्या सर्व क्रियांनी जगात एक प्रत वाढते. या दोहोंनी अस्सल नाहीसे होते.

७/ काय नाहीसे होते? गेम बॉयच्या अनेक अस्सल लेबलांत कारखान्यात दाबून उमटवलेला दोन आकडी क्रमांक असतो. तो शाईचा नव्हे; कागद तिरप्या उजेडात धरला तरच दिसतो. स्कॅनमध्ये तो बहुधा हरवतो. ऑफसेट छपाईचे शिस्तीत बसलेले ठिपके घरच्या इंकजेटला साधत नाहीत. आणि कडेला पेनने लिहिलेले एखाद्या मुलाचे नाव? ते तर ‘डाग’ म्हणूनच पुसले जाते.

८/ मराठी कागदपत्रांत वावरणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. दप्तरात अस्सल पत्राशेजारी त्याची तालिक सापडते आणि कुणी तिला कमी लेखत नाही. अस्सल गहाळ झाले, तर इतिहासकाराची सारी मदार तिच्यावरच असते. मात्र ती तालिक आहे हे ठाऊक असावे लागते. स्वतःला अस्सल म्हणवणारी नक्कल ही तालिक नव्हे. बनावट राजाज्ञेला धर्मशास्त्राने कूटशासन म्हटले आणि ते करणाऱ्यास जबर शिक्षा सांगितली.

९/ ‘वस्तू माझी, मी काहीही करीन’ हे उत्तर ठरलेले. ते अर्धेच खरे आहे, कारण कार्ट्रिज एका हाती राहत नाही. २०२१ साली ‘सुपर मारिओ ६४’ची एक सीलबंद प्रत लिलावात १५.६ लाख डॉलरना गेली. ज्या बाजारात असे आकडे उच्चारले जातात, तिथे आजची निरागस दुरुस्ती तिसऱ्या हाती अस्सल म्हणून विकली जाते. लेबल पार गेलेच असेल, तर नवे जरूर लावावे. पण त्यावर बारीक अक्षरांत ‘नक्कल’ व साल छापायला काय हरकत आहे? थोडेही उरले असेल, तर उचललेली कड चिकटवून भागते. आणि सोललेच, तर तो तुकडा पाकिटात घालून कार्ट्रिजसोबत ठेवावा.

१०/ नव्वदच्या दशकात आपल्याकडे घराघरांत आलेल्या ‘९९९९ इन १’ कार्ट्रिजांवरची लेबले तर धडधडीत खोटी होती. आत मोजके खेळ, त्यांचीच उलटसुलट आवर्तने. बाहेर भलत्याच पात्रांची चित्रे. तरीही ती सोलून तिथे निन्टेंडोचे ‘शुद्ध’ चित्र लावणे ही चूकच. तो खोटेपणाच त्या बाजाराचा खरा दस्तऐवज आहे.

११/ १९८३ साली अटारीने न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरलेली कार्ट्रिजे एप्रिल २०१४ मध्ये उकरून काढण्यात आली. त्यांतले ‘ई.टी.’चे एक आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. लेबल विटलेले, मळलेले. कोणी ते बदललेले नाही.