बिरसीचं विमान उडालं, जाब कोण देणार?

मित्रांनो, १३ मार्च २०२२ आठवते का? गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून 'फ्लायबिग'ची इंदूर–गोंदिया–हैदराबाद सेवा सुरू झाली. उद्घाटन केंद्रीय मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांच्या हस्ते. आपल्याकडेही अभिनंदनाच्या पोस्टींचा पाऊस पडला. भंडाऱ्याच्या माणसाला वाटलं, चला, आता प्रत्येक वेळी नागपूर गाठायला नको.

वर्षही भरलं नाही अन् सेवा बंद! १ डिसेंबर २०२३ ला इंडिगो येईपर्यंत बिरसीच्या आकाशात शिकाऊ पायलटांची विमानंच घिरट्या घालत होती.

काहून बंद झालं, विचारलं की ठरलेलं उत्तर येते, "प्रवासीच नाहीत." अहो, उद्या विमान राहील की नाही याचा भरोसा नसेल तर तिकीट काढते कोण? हैदराबादला पेशंट न्यायचा असेल तर माणूस रेल्वेचंच रिझर्व्हेशन करणार ना.

आता हिशोब बघा. 'उडान' योजनेत ठरावीक सीटांचं भाडं कमी ठेवायचं अन् कंपनीची तूट तीन वर्षं सरकारनं भरायची. त्यासाठी मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर आकार बसवला, राज्याच्या तिजोरीतूनही वाटा जातो. म्हणजे पैसा आपलाच. अन् निकाल काय? २०२३ चा कॅगचा अहवाल सांगतो: ७७४ मार्ग मंजूर, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षं पूर्ण केली फक्त ११२ मार्गांनी. मार्च २०२३ पर्यंत त्यातलेही ५४ च टिकले.

म्हणजे बिरसीचं नशीब फुटकं नाही, योजनाच अशी चालली आहे. मोजक्या भाड्याच्या विमानांवर चालणाऱ्या कंपनीला मार्ग द्यायचा, फीत कापायची अन् मोकळं व्हायचं.

विमानाला माझा विरोध नाही. आलंच पाहिजे. पण पुढच्या उद्घाटनाला टाळ्या वाजवायच्या आधी लोकप्रतिनिधींना तीन प्रश्न विचारा. कंपनी मधेच गेली तर दंड किती? पर्यायी विमान किती दिवसांत? अन् विमान उतरल्यावर भंडारा, तुमसर, साकोलीला जायला बस कोणती?

उत्तर लेखी मागा. फोटो खूप झाले.

पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा.