विश्लेषण : बोटीला परवाना आहे, पण धक्क्यावर ‘नाही’ कोण म्हणणार?

सुट्ट्या लागल्या की गेटवे ऑफ इंडियापासून तारकर्लीपर्यंत आणि धरणांच्या जलाशयांपासून शहरांतल्या तलावांपर्यंत बोटींसाठी रांगा लागतात. बोट कोण चालवणार आणि त्याने कोणती परीक्षा दिली आहे, हे तिकीट काढताना कोणी विचारत नाही. दुर्घटना घडल्यावर मात्र सर्वप्रथम हाच प्रश्न येतो. कायद्यात त्याचे उत्तर आहे, धक्क्यावर मात्र ते सापडत नाही.

मोठ्या दुर्घटनांत समान काय?

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली. इंजिनाची चाचणी सुरू असताना स्पीडबोटीवरील नियंत्रण सुटले होते. १५ जणांचा मृत्यू झाला. धडक प्रवासी बोटीमुळे झाली नव्हती. मात्र ८४ प्रवाशांची परवानगी असलेल्या या बोटीत शंभराहून अधिक जण होते आणि आपल्याला लाइफ जॅकेट दिले नव्हते, असे बचावलेल्यांनी सांगितले.

त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेले १२ विद्यार्थी आणि २ शिक्षक बुडाले. तिथेही बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि सर्वांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. केरळमधील तानूर येथे ७ मे २०२३ रोजी २२ जणांचा बळी गेला. ती मुळात मासेमारीची बोट होती, तिचे रूपांतर पर्यटक बोटीत केले होते. जागा वेगळ्या, यंत्रणा वेगळ्या. पण जादा प्रवासी घेऊन निघालेली बोट कोणी रोखली नाही, हे तिन्हीकडे सारखेच.

कायदा काय सांगतो?

नद्या, खाड्या, जलाशय यांसाठी ‘अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१’ आहे. त्याने १९१७ चा ब्रिटिशकालीन कायदा मोडीत काढला. यांत्रिक बोटीची नोंदणी, ठरावीक काळाने तपासणी, विमा, जीवरक्षक साधने आणि चालकवर्गाचे सक्षमता प्रमाणपत्र, हे सारे त्यात आहे. म्हणजे सारंग किंवा इंजिन चालक होण्यासाठी नुसता अनुभव पुरेसा नाही. महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर प्रवासी बोटींना परवाने देण्याचे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. थोडक्यात, कायद्याचा दुष्काळ नाही.

मग घोडे अडते कुठे?

पहिली अडचण जबाबदारीच्या वाटणीची. समुद्र सागरी मंडळाचा, धरण जलसंपदा विभागाचा, शहरातला तलाव महापालिकेचा. त्यावर बोटी चालवणारा बहुतेकदा ठेकेदार. हरणी तलावावरही महापालिकेने ठेकाच दिला होता. वल्ह्याच्या बोटींचे नियमन तर कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थांवर सोपवण्याची मुभा दिली आहे. अनेक संस्थांकडे बोट तपासू शकेल असा माणूसच नसतो.

दुसरी अडचण पगाराची. सारंगाला पगार मालक देतो आणि प्रत्येक जादा तिकीट मालकाच्या गल्ल्यात पडते. ‘वारा वाढलाय, आज बोट नेत नाही’ किंवा ‘दहा जण उतरा’ असे सांगणाऱ्या सारंगाची नोकरी किती दिवस टिकेल? प्रमाणपत्र त्याला कौशल्य देते, नकाराचा अधिकार देत नाही.

आणि बोट चालवणे म्हणजे नुसते सुकाणू धरणे नव्हे. वरच्या मजल्यावर गर्दी झाली, किंवा काही पाहायला सगळे एकाच बाजूला धावले, तर धडधाकट बोटही कलंडते. माणसांना जागेवर बसवणे हाही सक्षमतेचाच भाग आहे.

इतर देशांत काय?

कॅनडात २००९ पासून यांत्रिक क्रीडा-नौका चालवणाऱ्या प्रत्येकाकडे सक्षमतेचा पुरावा असावा लागतो. भाड्याने बोट घेणाऱ्याकडे कार्ड नसेल, तर निघण्यापूर्वी सुरक्षेची तपासयादी भरून घेता येते. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साऊथ वेल्स राज्यात १० नॉट, म्हणजे ताशी साधारण १८.५ किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने बोट चालवायला परवाना लागतो. अमेरिकी तटरक्षक दलाच्या २०२३ च्या अहवालानुसार त्या वर्षी क्रीडा-नौकांच्या अपघातांत ५६४ जण दगावले. मृत्यूचे कारण नोंदलेल्यांपैकी तीन चतुर्थांश बुडाले आणि त्यातील ८७ टक्क्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. आसनाखाली बांधून ठेवलेले जॅकेट कामाला येत नाही, हा त्याचा सरळ अर्थ.

काय करायला हवे?

मालकाकडून पगार न घेणाऱ्या कर्मचाऱ्याने प्रत्येक फेरीपूर्वी प्रवासी मोजावेत आणि त्याच्या सहीशिवाय दोर सुटू नये. क्षमता, तपासणीची मुदत आणि सारंगाचा प्रमाणपत्र क्रमांक धक्क्यावर मराठीत ठळक लावावा. लहान मुलांच्या मापासह जॅकेट बोटीत चढण्यापूर्वीच घातले जावे. फेरी नाकारणाऱ्या सारंगाला संरक्षण मिळावे. आणि ठेकेदाराबरोबरच ठेका देणाऱ्या अधिकाऱ्यालाही जाब विचारला जावा.

हंगाम चार महिन्यांचा, एवढी बंधने परवडत नाहीत, असे बोटमालक म्हणतात. त्यांची अडचण खोटी नाही. गावेच्या गावे या धंद्यावर जगतात. पण दुर्घटनेनंतर नियम पाळणाऱ्याची बोटही बांधून ठेवावी लागते. मोजणीला लागणारी पाच मिनिटे आणि बुडालेल्या दहा जादा तिकिटांचे पैसे हा त्यापुढे स्वस्त सौदा आहे. तो धंद्याला परवडतो की नाही, हे ठरवण्याची वेळ पुढचा हंगाम सुरू होण्याआधीची आहे.