धडधड थांबली म्हणून गोळी थांबवू नका

तासगावात माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरवर एक प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो : "आता धडधड होत नाही, मग रक्त पातळ करायची गोळी कशाला?" प्रश्न विचारणारा माणूस एट्रियल फिब्रिलेशनचा रुग्ण असेल, तर त्याला थांबवून समजावणं मी माझं काम समजतो.

या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साकळून गुठळी होते. ती सुटून मेंदूत अडकली की अर्धं अंग लुळं पडतं. पक्षाघाताचा हा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. वॉर्फरिनसारखी गोळी नियमित घेतली, तर तो जवळपास दोन तृतीयांशाने घटतो. औषधांनी, विजेच्या शॉकने किंवा ॲब्लेशन या हृदयातल्या प्रक्रियेने ठोके ताळ्यावर आले, तरी विकार पुन्हा उलटू शकतो आणि कित्येकदा रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून गोळी किती काळ घ्यायची हे वय, रक्तदाब, मधुमेह, झडपेची अवस्था पाहून डॉक्टर ठरवतात. बरं वाटतंय, एवढं कारण पुरत नाही.

परवा एक मावशी गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅकची पट्टी मागत होत्या. चिठ्ठी मागितली, तर पिशवीतून जुनाच कागद निघाला. त्यावर ॲसिट्रॉम, म्हणजे वॉर्फरिनच्याच गटातली रक्त पातळ करायची गोळी, लिहिलेली. लहानपणच्या सांधेतापाने त्यांची झडप आकसली आहे. झडप अशी आकसलेल्या एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णांना नव्या गोळ्यांऐवजी या गटातली जुनी गोळीच लागते, हे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातही दिसलं. तिच्या जोडीला डायक्लोफिनॅक गेली असती, तर पोटात रक्तस्राव होण्याची भीती होती. मी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. रक्त किती पातळ झालंय हे सांगणारी तपासणी म्हणजे आयएनआर. मावशींचा शेवटचा आयएनआर होता १.३, हवा २ ते ३. आणि तो रिपोर्टही कित्येक महिन्यांपूर्वीचा. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी मेथी-पालक मात्र पार सोडला होता. खरं तर पालेभाजी बंद करायची नसते. दर आठवड्याला साधारण तेवढीच खायची असते.

तपासणी का केली नाही? वाडीवरून तालुक्याला यायचं, तर दिवसाचा रोज बुडतो. म्हणून माझी मागणी आहे : आठवडी बाजाराच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रातच आयएनआरसाठी रक्त घ्यावं आणि रिपोर्ट फोनवर कळवावा. आम्हा औषधविक्रेत्यांनीही वेदनाशामक देण्याआधी "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" हे विचारलंच पाहिजे.

विकार उलटू नये म्हणून बरंच काही घरच्यांच्या हातात आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या २०१५ मधील अभ्यासात, स्थूल रुग्णांपैकी ज्यांनी वजन दहा टक्के किंवा जास्त उतरवून टिकवलं, त्यांच्यात हा विकार उलटण्याचं प्रमाण खूपच कमी आढळलं. रक्तदाब आटोक्यात ठेवा, दारू सोडा. झोपेत घोरता घोरता श्वास अडत असेल, तर तपासून घ्या. एवढं सगळं केलं तरी रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. पट्टीत चार गोळ्या उरल्या की दुकानात या. अडचण असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. पक्षाघात होऊन अंथरूण धरलेल्या माणसामागे सगळं घर अडकतं, आणि त्यातले बरेच पक्षाघात टाळता येतात.