अब्बांची राजदूत

अब्बांची राजदूत आम्ही दोघा भावांनी घरीच रंगवायला काढली. टाकी रिकामी करून धुतली, दोन दिवस उघडी ठेवली. (पेट्रोलची वाफ तरीही राहते, जवळ काडी ओढू नये.) जुना रंग काढला, प्रायमर मारला, 400 नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने घासला. इथवर ठीक. पण बकरी ईदला गाडी निघावी म्हणून भर पावसाळ्यात एकाच हातात जाड रंग फवारला. ओघळ आले, वर पांढुरकी झाक. लॅकरला दमट हवा सोसत नाही.

ईद हुकली. सगळं पुन्हा घासलं. उघडीप मिळाली तेव्हा, अम्मींच्या दम्यामुळे लांब परसात, वीतभर अंतरावरून तीन पातळ हात दिले, दर हातानंतर पंधरा मिनिटं थांबून.

किक मारायला अब्बांचा गुडघा आता साथ देत नाही. जुम्याला ते मागे बसले.