कुलूप तोडू पाहणाऱ्यांचे ऋण

गेल्या मार्चअखेरीच्या धामधुमीत आमच्या बेंगळुरूच्या शाखेत एक सेवानिवृत्त अभियंते आले. मूळचे बेळगावकडचे, त्यामुळे बोलणे मराठीतून झाले. बँकेच्या संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "साहेब, हे कुलूप पक्कं आहे म्हणता. पण ते तपासलं कोणी?" 'सर्व व्यवहार सुरक्षित आहेत' या ठरावीक वाक्याने मी त्यांची बोळवण केली. वाक्य खोटे नव्हते. परंतु ते प्रश्नाचे उत्तरही नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची, काहीशा उशिराने केलेली, परतफेड होय.

याच बेंगळुरूत जन्मलेल्या शकुंतलादेवी यांनी १८ जून १९८० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात दोन तेरा अंकी संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत तोंडी केला. उत्तर २६ अंकी होते. गुणाकार हे असे सुकर काम आहे. संगणकाला तर त्यासाठी निमिषही लागत नाही. मात्र केवळ उत्तर हाती देऊन 'कोणत्या दोन मूळ संख्यांच्या गुणाकाराने हे आले?' असे विचारले, तर संख्या जसजशी लांब होते तसतसा संगणकही हतबल होतो. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये याच विषमतेवर आपली 'आरएसए' पद्धती उभारली. आजही असंख्य संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांत आणि डिजिटल स्वाक्षऱ्यांत २०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकी, आरएसए संख्या असते. ती उघड असते. तिचे दोन अवयव तेवढे गुप्त असतात.

हे अवयव कोणालाच काढता येत नाहीत, हे कशावरून? त्याची गणिती सिद्धता आजवर कोणीही दिलेली नाही. आधार आहे तो एकच: जगातील उत्तमोत्तम गणितज्ञ वर्षानुवर्षे, जाहीरपणे आणि एकमेकांच्या साहाय्याने प्रयत्न करीत आले आहेत, आणि कोठवर पोहोचलो हे ते स्वतःच सांगतात. आमच्या अभियंत्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे आहे.

त्यांची रीत समजून घेण्यासाठी फार गणित लागत नाही. मी स्वतः वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. ८०५१ ही संख्या घ्या. ती ९० च्या वर्गातून ७ चा वर्ग वजा केल्यास मिळते. म्हणून तिचे अवयव ९० उणे ७ आणि ९० अधिक ७, अर्थात ८३ आणि ९७. दोन वर्गांच्या वजाबाकीची ही युक्ती नारायण पंडितांनी १३५६ मधील 'गणितकौमुदी' या ग्रंथात, फर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या सुमारे तीन शतके आधी, मांडली होती. आजच्या सर्वांत प्रबळ पद्धतीची अखेरची पायरी हीच आहे. तेथवर पोहोचणे मात्र महाकठीण.

त्या वाटेची पहिली पायरी म्हणजे योग्य बहुपदीची निवड. रोखपालाला हे चटकन उमजेल. एकच रक्कम निरनिराळ्या मूल्यांच्या नोटांत देता येते, तशी एकच संख्या निरनिराळ्या पायांत लिहिता येते. ८०५१ दहाच्या पायात लिहिली तर ८क्ष³ + ५क्ष + १ ही बहुपदी मिळते. विसाच्या पायात लिहिली तर क्ष³ + २क्ष + ११. दोन्ही बरोबरच. पण शेकडो अंकी संख्येसाठी अशा अगणित बहुपदी असतात आणि त्यांतील काहींच्या किमती लहान लहान मूळ संख्यांत सहज फुटतात. अशी बहुपदी लाभली तर पुढील 'चाळणी'चे काम कितीतरी घटते. म्हणून शोध वाटून घेतला जातो. प्रत्येकाने अग्रस्थानीच्या सहगुणकाचा एकेक पल्ला घ्यायचा, यंत्र चालवायचे, आपली उत्तम बहुपदी पुढे ठेवायची. थोडी चाळणी करून त्यांची परीक्षा होते आणि एकच स्वीकारली जाते. बाकीच्यांचे श्रम बाजूस पडतात, आणि ते हे जाणूनच कामाला लागलेले असतात.

१२ डिसेंबर २००९ रोजी २३२ अंकी, म्हणजे ७६८ बिटांच्या, आरएसए संख्येचे अवयव सापडले. त्यात बहुपदीची निवड ८० प्रोसेसरांवर सुमारे सहा महिने चालली होती. चाळणीला मात्र शेकडो यंत्रांवर जवळजवळ दोन वर्षे लागली; एकाच यंत्रावर ती १५०० वर्षे चालली असती. निवडीचे श्रम चाळणीच्या जेमतेम तीन टक्के! कर्जमंजुरीपूर्वीच्या छाननीत वाचवलेला आठवडा वसुलीत किती वर्षे खातो, हे ज्याने पाहिले आहे त्याला या तीन टक्क्यांचे मोल निराळे सांगावयास नको.

त्याच संशोधकांनी १०२४ बिटांच्या किल्ल्या तीन-चार वर्षांत वापरातून काढाव्यात, असा इशाराही दिला होता. त्यापूर्वी १९९४ मध्ये सुमारे ६०० स्वयंसेवकांनी १६०० संगणक जुंपून १२९ अंकी संख्या फोडली होती. १९७७ मध्ये ती आव्हान म्हणून प्रसिद्ध झाली तेव्हा तिला अब्जावधी वर्षे लागतील असा अंदाज वर्तवला गेला होता. लागली सतरा! बक्षिसाचे शंभर डॉलरही त्यांनी दान केले. फेब्रुवारी २०२० मध्ये मजल २५० अंकांपर्यंत गेली. ६१७ अंक अद्याप फार दूर आहेत, आणि किती दूर हे आपल्याला याच मंडळींमुळे ठाऊक आहे. म्हणूनच 'कोड तोडणारे' म्हटले की आमच्या बैठकांतून कपाळाला ज्या आठ्या पडतात, त्या मला अनाठायी वाटतात. चोर आपल्या यशाची वर्दी देत नसतो.

आपल्या ग्राहकांचे पैसे जातात ते संख्या फोडल्यामुळे नव्हे, तर दूरध्वनीवर ओटीपी सांगितल्यामुळे, हे येथे नमूद केलेच पाहिजे. तरीही किल्लीची लांबी ही केवळ संगणक विभागाची बाब आहे, हे मला मान्य नाही. आज डिजिटल स्वाक्षरी झालेला गृहकर्जाचा करार वीस वर्षांनीही विश्वासार्ह राहिला पाहिजे. पुरेसा मोठा क्वांटम संगणक झाल्यास असे अवयव झपाट्याने काढता येतील, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवले आहे. अमेरिकेच्या प्रमाणीकरण संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या पद्धतींची तीन मानके प्रसिद्ध केली; त्याच वर्षीच्या तिच्या मसुद्यात २०३५ नंतर आरएसए स्वाक्षऱ्या अमान्य करण्याचे प्रस्तावित आहे. आपले वीस वर्षांचे करार त्या मुदतीच्या पलीकडे जातात.

तेव्हा बँकांनी आपल्या किल्ल्यांची लांबी आणि त्या बदलण्याचे वेळापत्रक ग्राहकांना, निदान मागितल्यावर, साध्या भाषेत सांगावे, असे माझे मत आहे. त्यात गुप्त राखण्याजोगे काही नाही. आणि या शहरातील महाविद्यालयांत रात्रभर रिकामे पडून असलेले संगणक अशा सामूहिक शोधाला का लागू नयेत? बहुपदीचा शोध तर लहान लहान तुकड्यांत वाटता येतो.

ते अभियंते गेल्या महिन्यात हयातीचा दाखला देण्यास पुन्हा आले. वरील सारे मी त्यांना सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे कुलूप आज ठीक आहे. बदलायची तारीख ठरली आहे का?" या वेळी मी बोळवण केली नाही. त्यांचा प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतला आणि त्यांच्यासमोरच संगणक विभागाकडे पाठवला.